दोन तासांचं पुस्तक

'राखीव' हा मराठीतला मोठा भांडखोर शब्द आहे. एसटीत खिडकीवर लिहिलेल्या त्या तीन अक्षरी सूचनेवरून रोज कुठे ना कुठे वाद होतो. जंगल राखीव असतं, पोलिसांचं दल राखीव असतं, आणि 'राखीव जागा' म्हटल्यावर तर घरातल्या जेवणाच्या ताटावरही आवाज चढतात. या सगळ्यांत अर्थ एकच असतो: ही गोष्ट काही ठरावीक लोकांसाठी बाजूला ठेवली आहे, बाकीच्यांनी हात लावू नये.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं राखीव पुस्तक मात्र उलट्या रीतीने चालतं. ते बाजूला ठेवतात ते कुणा एकाच्या घरी पंधरा दिवस जाऊन पडू नये म्हणून. वर्गात साठ मुलं, पुस्तकाच्या प्रती दोन. दोघांनी घरी नेलं तर अठ्ठावन्न जणांनी काय करायचं? म्हणून ते घरी न्यायचं नाही, दोन तास इथेच बसून वाचायचं, मग पुढच्याला द्यायचं. कुणालाच मिळू न देता सगळ्यांना मिळवून द्यायची ही युक्ती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या हार्वर्डसारख्या विद्यापीठांत प्राध्यापक एकाच पाठ्यपुस्तकावरून घोकून घेणं सोडून 'ही पाच पुस्तकं वाचून या' असं सांगू लागले, तेव्हा ही पद्धत रुजली. तिथे तिला आजही 'रिझर्व्ह' म्हणतात, आणि सत्र सुरू होण्याआधी पुस्तकं रिझर्व्हला लावणं हा प्राध्यापकाच्या कामाचा नेहमीचा भाग असतो.

काम तसं कारकुनी आहे. प्राध्यापक एक फॉर्म भरतो. विषयाचा क्रमांक, पुस्तकाचं नाव, आवृत्ती, किती मुलं, किती प्रती, कुठल्या आठवड्यापासून हवं. वाचायला किती वेळ द्यायचा तेही तोच ठरवतो: दोन तास, चार तास, एक दिवस किंवा तीन दिवस. ग्रंथालयात पुस्तक नसलं तर प्राध्यापक स्वतःची प्रत देतो, तिच्यावर तात्पुरता स्टिकर लागतो. कर्मचारी ते पुस्तक मांडणीवरून काढून काउंटरमागच्या फळीवर ठेवतात. उशीर झाला तर दंड दिवसावर नाही, तासावर मोजायची पद्धत. सत्र संपलं की पुस्तक परत आपल्या जागी. एखादंच प्रकरण हवं असेल तर ते स्कॅन करून पासवर्डच्या आड ठेवतात, म्हणजे मुलांना फोनवर वाचता येतं. याला ई-रिझर्व्ह म्हणतात.

इतकंच असतं तर त्यावर समीक्षालेख लिहायचं कारण नव्हतं. पण या फॉर्मकडे साहित्याचा वाचक म्हणून पाहिलं तर तिथे एक वेगळीच गोष्ट घडताना दिसते. लाखो पुस्तकांतून कुणीतरी बारा निवडली. त्यातल्या एकाचं फक्त तिसरं प्रकरण घेतलं, दुसऱ्याची प्रस्तावना तेवढी. त्यांना पहिला आठवडा, दुसरा आठवडा असा क्रम दिला. हे संपादन आहे आणि ही समीक्षाही आहे. समीक्षक निदान लिहून सांगतो की हे पुस्तक महत्त्वाचं का आणि ते टाकाऊ का. राखीव यादी लावणारा काही सांगत नाही. तो फक्त पुस्तक फळीवर ठेवतो, आणि पुढची दहा वर्षं मुलं समजत राहतात की या विषयात वाचण्यासारखं एवढंच आहे. छापील समीक्षा वाचणारे थोडे, ही न लिहिलेली समीक्षा मात्र परीक्षेसाठी प्रत्येकाला वाचावी लागते.

या मुक्या समीक्षेची दोनदा मोठी झडती झाली. दोन्ही वेळा कोर्टात झाली, आणि दोन्ही वेळा फिर्यादींत ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था होत्या. दोन्ही निकाल मी इथे निबंध म्हणून वाचतो आहे. पुस्तकाचा तुकडा म्हणजे काय, या प्रश्नावर इतकं सविस्तर आपल्या समीक्षकांनीही क्वचितच लिहिलं असेल.

टक्क्यांत मोजलेलं पुस्तक

पहिला खटला अमेरिकेतला. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीवर 2008 साली केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि सेज या तीन प्रकाशकांनी दावा लावला. तक्रार ई-रिझर्व्हबद्दल होती: प्राध्यापक आमच्या पुस्तकांतली प्रकरणं स्कॅन करवतात, मुलं फुकट वाचतात, आम्हाला परवानगीचे पैसे मिळत नाहीत. दावा लागल्यावर विद्यापीठाने 2009 साली नवा नियम केला. प्रत्येक उताऱ्यासाठी प्राध्यापकाने एक तक्ता भरायचा आणि आपला वापर 'न्याय्य' आहे की नाही ते चौकटींत बरोबरच्या खुणा करून ठरवायचं.

न्यायाधीश ओरिंडा इव्हान्स यांनी 2012 मध्ये निकाल दिला तो सुमारे 350 पानांचा. त्यात एकेक उतारा घेऊन तपासणी आहे: कुठलं पुस्तक, किती पानांचं, त्यातली किती घेतली, टक्केवारी काय, प्रकाशकाला त्यातून उत्पन्न काय होतं. एक मोजपट्टीही ठरली. पुस्तकात दहापेक्षा कमी प्रकरणं असतील तर दहा टक्के पानं, जास्त असतील तर एक प्रकरण. त्या मापाने शेवटी पाचच उतारे दोषी निघाले. 2014 मध्ये वरच्या कोर्टाने ही मोजपट्टी मोडीत काढली आणि प्रत्येक उतारा त्याच्या त्याच्या परिस्थितीत तोला, असं सांगून खटला परत पाठवला. मग पुन्हा निकाल, पुन्हा अपील, पुन्हा निकाल. शेवट झाला 2020 मध्ये. काही सत्रांच्या वाचनयाद्या न्याय्य होत्या की नव्हत्या हे ठरायला बारा वर्षं लागली.

निबंध म्हणून हा निकाल कंटाळवाणा आहे, पण त्याचा कंटाळाच बोलका आहे. दहा टक्के हे माप किराणा दुकानात चालतं. कवितासंग्रहाचे दहा टक्के म्हणजे काय? चारशे पानांच्या इतिहासग्रंथाची चाळीस पानं घेतली आणि त्या चाळिसांतच लेखकाचा सगळा युक्तिवाद असला, तर? उलट शंभर पानं घेतली आणि ती नुसती कोष्टकं असली, तर? 'उताऱ्यात पुस्तकाचा गाभा आला आहे का' हा प्रश्न अमेरिकेच्या कायद्यातही विचारावा लागतो, म्हणजे न्यायाधीशाला समीक्षकाच्या खुर्चीत बसावंच लागतं. इव्हान्सबाईंनी ते टाळून बहुतेक ठिकाणी तराजू हातात घेतला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. समीक्षकांनी गाभा मोजायचं साधन दिलं कधी होतं?

चाळीस पैसे पान

दुसरा खटला आपल्याकडचा, दिल्लीचा. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं झेरॉक्सचं दुकान. विद्यापीठाने जागा दिलेली, दरही करारात ठरवून दिलेला: पानाला चाळीस पैसे. प्राध्यापक वाचनयादी लावत, ग्रंथालयातून पुस्तकं काढून दिली जात, दुकानदार त्यातली सांगितलेली पानं काढून स्पायरल बाइंडिंग करून ठेवी. याला 'कोर्स पॅक' म्हणतात. राखीव कपाटाचंच हे देशी रूप. फळीवरचं पुस्तक दोन तासांनी परत द्यावं लागतं, कोर्स पॅक रात्री होस्टेलच्या खोलीत नेता येतो.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी 2012 मध्ये दुकानावर आणि विद्यापीठावर दावा ठोकला. सुरुवातीला दुकानावर तात्पुरती बंदीही आली. मग एक गंमत झाली. ज्यांच्या हक्कांसाठी हे भांडण चालल्याचं सांगितलं जात होतं ते लेखकच प्रकाशकांच्या विरोधात बोलू लागले. तीनशेहून अधिक अभ्यासकांनी जाहीर पत्र काढलं, आणि त्यांत कोर्स पॅकमध्ये ज्यांचं लेखन होतं असेही बरेच जण होते. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना फेरविचार करायला सांगितलं. विद्यार्थ्यांनी स्वतःची संघटना करून खटल्यात उडी घेतली.

दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी 16 सप्टेंबर 2016 रोजी दावा फेटाळला. आधार होता कॉपीराइट कायद्यातलं कलम 52(1)(i). शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत हा हक्कभंग नाही, असं ते कलम म्हणतं. प्रकाशकांचं म्हणणं होतं की 'शिकवण्याचा ओघ' म्हणजे वर्गातला तास. एंडलॉ म्हणाले, शिकवणं तासाची घंटा वाजल्यावर सुरू होत नाही आणि संपतही नाही. वाचनयादी लावली तेव्हाच ते सुरू झालं.

हा निकाल वाचायला गोड आहे, कारण त्यात एक माणूस आठवणी काढत बोलतो. आपल्या विद्यार्थिदशेत ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हाताने उतरवून घ्यावी लागत, हे न्यायमूर्ती सांगतात. मग झेरॉक्स आलं. आणि आता तर विद्यार्थी फोनने पानाचा फोटो काढून तो पडद्यावरच वाचतो. हाताने उतरवणं जर चोरी नव्हती, तर यंत्राने उतरवलं म्हणून ती चोरी कशी होईल? तुम्ही वर्गातल्या ग्रुपवर टाकलेले ते तिरके, अंगठ्याची सावली पडलेले फोटो उच्च न्यायालयाच्या निकालात आधीच येऊन बसले आहेत.

अपिलात खंडपीठाने डिसेंबर 2016 मध्ये कलमाचा अर्थ साधारण तसाच ठेवला, पण एक महत्त्वाची भर घातली. पानं किती, हा प्रश्नच नाही. शिकवण्यासाठी त्या पानांची गरज होती का, एवढं पाहायचं. आणि ती गरज तपासण्यासाठी खटला पुन्हा खाली पाठवला. ती तपासणी कधी झालीच नाही. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. परवान्याचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचं अपीलही त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घेतलं नाही.

दोन निबंध शेजारी ठेवले तर दिल्लीचा मला उजवा वाटतो. अमेरिकेतल्या निकालाने 'किती' विचारलं, दिल्लीच्या खंडपीठाने 'कशासाठी' विचारलं. दुसरा प्रश्न समीक्षेचा आहे. वाईट इतकंच की उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा फिर्यादी उठून गेले. हे प्रकरण या मुलांना का हवं, याची जी भर कोर्टात साक्ष व्हायची ती राहूनच गेली. प्राध्यापकांची सुटका झाली, आणि त्यांना कारण सांगण्यापासूनही सुटका मिळाली.

घड्याळ सगळ्यांचं सारखं, वाचन नाही

ती साक्ष झाली असती तर काय विचारायला हवं होतं?

पहिला प्रश्न वेळेचा. दोन तासांचा नियम सगळ्यांना सारखा आहे. पण दोन तासांत जी मुलगी इंग्रजी शाळेतून आली ती पन्नास पानं वाचते. जिचं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालं ती त्याच वेळात पंधरा वाचते, तीही शब्दकोश फोनवर उघडा ठेवून. पुस्तक परत, रांगेत पुन्हा नंबर. शिवाय दुपारचे दोन तास ग्रंथालयात बसणं ज्याला जमतं त्याच्यासाठीच ही सोय आहे. कॉलेज सुटल्यावर कामावर पळणाऱ्याला, शेवटची एसटी साडेपाचची असणाऱ्याला तो वेळ नसतो. राखीव पुस्तकाला भाडं नाही, पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि वेळ सगळ्यांच्या खिशात सारखा नसतो. कोर्स पॅकचं मोठेपण इथे आहे. चाळीस पैशांत तो पान विकतो असं दिसतं, खरं तर तो सावकाश वाचायची मुभा विकतो.

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिला, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. पहिला नियम समजावताना ते जुन्या युरोपातल्या साखळीने बांधलेल्या पुस्तकांची गोष्ट सांगतात. राखीव पुस्तक पहिला नियम पाळतं आणि चौथ्याशी भांडतं. साखळी गेली, तिच्या जागी घड्याळ आलं.

ई-पुस्तकांनी हे भांडण मिटेल असं वाटलं होतं. फाइल एकाच वेळी साठ जणांना वाचता येते, तिला कशाला रांग? पण प्रकाशक ग्रंथालयांना ई-पुस्तक विकताना 'एका वेळी एक वाचक', 'एका वेळी तीन वाचक' असे परवाने विकतात. पाठ्यपुस्तकांचे अनेक प्रकाशक तर ग्रंथालयांना ई-आवृत्ती विकतच नाहीत. 2020 मध्ये टाळेबंदीत ग्रंथालयं बंद झाली तेव्हा राखीव फळ्या कुलपात गेल्या आणि हे सगळ्यांच्या लक्षात आलं. आज रात्री अकराला लिंक उघडली की पडद्यावर येतं, 'हे पुस्तक सध्या दुसरा वाचक वाचत आहे'. कागदाच्या पुस्तकाला मर्यादा होती कारण ते कागदाचं होतं. या मर्यादेला तसं कारण नाही. ती बनवून विकलेली आहे.

फळीवर काय नसतं

दुसरा प्रश्न निवडीचा. दिल्लीच्या खटल्यातली वादग्रस्त पुस्तकं इंग्रजी होती. साहजिकच आहे, फिर्यादीच तसे होते. पण आपल्या विद्यापीठांतल्या समाजशास्त्राच्या, इतिहासाच्या, राज्यशास्त्राच्या वाचनयाद्या पाहा. महाराष्ट्राबद्दलचं लेखनही बऱ्याचदा इंग्रजीतून येतं, आणि मराठी पुस्तकं 'पूरक वाचन' या शेवटच्या मथळ्याखाली. जातीवरचा सिद्धान्त पहिल्या आठवड्यात आणि अण्णाभाऊ साठे 'जमल्यास'. राखीव फळीवर ते कधी येत नाहीत. कुणी मना केलं म्हणून नाही, कुणी फॉर्म भरला नाही म्हणून. आणि जे राखीव नाही ते परीक्षेला येणार नाही, हे विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात कळलेलं असतं.

तिसरा प्रश्न तुकड्याचा. कोर्स पॅकमधलं प्रकरण अनुक्रमणिकेशिवाय येतं, प्रस्तावनेशिवाय येतं, कित्येकदा लेखकाच्या नावाशिवायही येतं. 'सरांनी दिलेली पीडीएफ' हाच त्याचा लेखक. कुठल्या साली लिहिलं, कुणाशी वाद घालताना लिहिलं, पुढच्या प्रकरणात लेखकाने तेच विधान मागे घेतलं का, काही समजत नाही. मांडणीवर पुस्तक शोधायला गेलं की शेजारचं भलतंच पुस्तक हाताला लागतं, ते सुखही गेलं. प्रकाशकांनी तुकड्यांबद्दल तक्रार केली ती पैशांसाठी. वाचकाने तीच तक्रार वेगळ्या कारणाने करायला हवी होती.

आणि चौथा, जरा अवघड. ऑक्सफर्डविरुद्ध झेरॉक्सवाला जिंकला याचा आनंद मलाही आहे. पण कलम 52 मोठा प्रकाशक आणि छोटा प्रकाशक असा भेद करत नाही. एखादा मराठी प्रकाशक पाचशे प्रती छापतो, दोनशे रुपये किंमत ठेवतो, आणि एम.ए.च्या वर्गात त्या पुस्तकाची एक प्रत विकत घेऊन चाळीस झेरॉक्स निघतात. कायद्याने ते कदाचित चालेल. पण इथे विद्यार्थी हा 'एरवीही विकत न घेणारा' वाचक नसतो. बऱ्याचदा तोच त्या पुस्तकाचा एकमेव वाचक असतो. पुढची आवृत्ती निघणार की नाही हे त्या चाळीस जणांवर ठरतं. उलट जे पुस्तक वीस वर्षं बाजारातच नाही, त्याची झेरॉक्स हा त्या पुस्तकाचा पुनर्जन्म असतो. कायदा दोघांना एकाच नजरेने पाहतो. शिक्षकाला तसं पाहून चालणार नाही.

म्हणून चांगली राखीव यादी कशी असते, हा प्रश्न मला साहित्याचाच प्रश्न वाटतो. जे पुस्तक मिळतं आणि परवडतं, त्याच्या पाच-सहा प्रती ग्रंथालयाला घ्यायला लावाव्यात आणि वेळ दोन तासांऐवजी एक रात्र ठेवावी. जे मिळत नाही त्याची बिनदिक्कत प्रत काढावी, पण मुखपृष्ठ, सालाचं पान आणि अनुक्रमणिका जोडून. ज्यांचा हक्क संपला आहे ते पूर्ण द्यावेत, तुकडे कशाला? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. बा. सी. मर्ढेकर 1956 मध्ये गेले, म्हणजे 2017 पासून त्यांचं लेखन सर्वांचं आहे. अण्णाभाऊ 1969 मध्ये गेले. 2030 उजाडला की त्यांचंही होईल. तोवर मात्र विकत घ्यावं.

आणि प्रत्येक पुस्तकापुढे एक ओळ असावी: हे का. 'या लेखकाशी मी सहमत नाही, तरी वाचा, कारण पाचव्या आठवड्यातलं पुस्तक याला उत्तर म्हणून लिहिलं आहे.' एवढीच. दिल्लीत जी साक्ष झाली नाही ती निदान कागदावर येईल. प्राध्यापकाला ही ओळ लिहायला दोन मिनिटं लागतील, आणि काही पुस्तकांपुढे ती सुचणारच नाही. ती पुस्तकं यादीत केवळ मागच्या वर्षी होती म्हणून आहेत, हे त्याच वेळी त्यालाही कळेल.

तुम्ही सध्या शिकत असाल तर तुमच्या फोनमध्ये एक फोल्डर असेल. 'सेम 3 फायनल', 'नोट्स नवीन', असं काहीतरी. त्यातली कुठलीही पीडीएफ उघडा आणि ती कुठल्या पुस्तकातली आहे ते शोधा. पुस्तकाचं नाव, साल, अनुक्रमणिका. मग पुढच्या तासाला हात वर करून विचारा, सर, यातलं तिसरंच प्रकरण का? मॅडम, या विषयावर मराठीत कुणी लिहिलं नाही का? चांगल्या शिक्षकाकडे उत्तर असेल. नसेल तर पुढच्या सत्राच्या फॉर्ममध्ये काहीतरी बदलेल.